सगळ्यांना पोचलं, साहेब

आमच्या घरात जेवणाची वेळ ठरलेली नव्हती. मैत्रिणींच्या घरी दुपारची पानं दुपारी पडत. आमच्याकडे बाहेरच्या खोलीत बसलेला शेवटचा माणूस चपला घालून जिना उतरेपर्यंत कुणाच्या तोंडात घास जात नसे. हा बाबांचा नियम. बाबा सैन्यातून मेजर म्हणून निवृत्त झाले होते, आणि पलटणीत अधिकारी जवानांच्या आधी जेवत नाही. आधी शिपायाचं ताट, मग साहेबाचं. तो नियम ते वळकटीबरोबर बांधून नारायण पेठेतल्या आमच्या भाड्याच्या बिऱ्हाडात घेऊन आले. "हे निवृत्त झाले, पलटण नाही झाली," असं आई भाकऱ्या थापता थापता म्हणायची आणि तव्यावरची भाकरी उगाचच जोरात उलटायची. मला तेव्हा सारखी भूक लागलेली असे. भूक आणि ती बाहेरची खोली यांचं माझ्या मनात जे नातं जुळलं ते अजून सुटलेलं नाही.

बिऱ्हाडाच्या खाली भाऊंचा छापखाना होता. भाऊ म्हणजे घरमालक. सकाळी त्यांचं पायानं चालवायचं यंत्र सुरू झालं की आमची जमीन हलायची, कपबशा किणकिणायच्या आणि पाण्याच्या तांब्यावरचं फुलपात्र हळूहळू कडेला सरकायचं. ते पडायच्या आत उचलायचं काम माझं. शाईचा आणि रॉकेलचा वास जिन्यानं वर यायचा, आमच्या फोडणीचा खाली जायचा. त्या आवाजाला बाबा कधी वैतागले नाहीत, कारण एक तोफगोळा फार जवळ फुटल्यानं त्यांचा डावा कान गेलेला होता. त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूनं. नव्या माणसाला हे ठाऊक नसे. तो डावीकडून गाऱ्हाणं सांगत राही आणि बाबा समोरच्या भिंतीकडे बघत राहत. मग आई आतून ओरडायची, "अहो, त्या बाजूनं या, त्या बाजूला कुणी राहत नाही."

सुरुवातीला घरी यायचे ते फक्त जुने जवान. कुणाची पेन्शन अडकलेली, कुणाच्या जमिनीवर भावकीनं नांगर घातलेला, कुणी नुसताच चहा प्यायला आलेला. बाबा त्यांच्याबरोबर कचेऱ्यांत जाऊन रांगेत उभे राहत. पुढे गल्लीतलं गटार तुंबलं, तर गल्लीवाल्यांसाठीही ते महापालिकेत जाऊन तसेच उभे राहिले. ओळख न सांगता रांगेत उभा राहणारा माणूस पेठेत एकूण विरळाच. लोकांना ते इतकं आवडलं की पुढच्या निवडणुकीत त्यांनी बाबांना नगरसेवक करून टाकलं. पत्रकं भाऊंनीच छापली. "मेजर, तुम्ही निवडून आलात तर माझं भाडं बुडणार, आणि पडलात तर छपाईचे पैसे. मी आपला तुमच्यासाठी प्रार्थना करत नाही," असं म्हणून भाऊंनी पहिलं मत टाकलं. त्यानंतर बाहेरची खोली कधी रिकामी राहिली नाही, आणि आमची जेवणं आणखी लांबली. आई मात्र कधी जेवायची हे आता आठवू म्हटलं तरी आठवत नाही. बाबांचं ताट उचलल्यावर, भांडी घासायच्या आधी, ओट्याला टेकून, असं काहीतरी.

वर्षातून एक दिवस मात्र आमच्याकडे वेळेवर आणि पोटभर जेवण होई. बाबांच्या पलटणीचा स्थापनेचा दिवस. सैन्यात त्या दिवशी बडा खाना असतो, अधिकारी स्वतःच्या हातानं जवानांना वाढतात. बाबांनी तो छापखान्याच्या मागच्या अंगणात सुरू केला. पुण्यात आणि आसपासच्या गावांत राहणारे त्यांचे जवान सकाळीच येत, विटा मांडून चूल पेटवत, आणि मोठ्या पातेल्यात मटण रटरटायला लागे. आईचा जिरेभात, बाजरीच्या भाकऱ्या, शेवटी तुपात थबथबलेला शिरा. भाऊ खिडकीतून डोकावून म्हणत, "मेजर, वासाचा फार त्रास होतो." मग थोडं थांबून, "वाटी आली की कमी होतो." वाटी मागच्या दारानं गुपचूप जायची आणि लखलखीत घासून परत यायची. बाबा कमरेला पंचा गुंडाळून, हातात डाव घेऊन पंगतीतून फिरायचे. त्यांना इतकं आनंदात मी दुसऱ्या कुठल्याही दिवशी पाहिलं नाही.

पंगतीच्या टोकाला बसायचे सुभेदार सावळाराम. वाघोलीचे. बाबांच्या तुकडीत होते, उंच, काटक, मिशी पांढरी झालेली. ते मुद्दाम शेवटच्या जागेवर बसत, कारण शेवटच्या पानापर्यंत सगळं आलं की नाही हे बघायचं काम त्यांचं. त्यांच्या पानात रस्सा पडला की ते उठत, पंगतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवत, टाचा जुळवत आणि छापखान्याचं यंत्र चालू असलं तरी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "सगळ्यांना पोचलं, साहेब!" त्यानंतरच बाबा खाली बसायचे आणि त्यांचं पान सुभेदारांच्या शेजारी पडायचं. सुभेदारांनी हाक दिल्याशिवाय बाबांनी पाण्याचा घोटदेखील घेतलेला मी पाहिला नव्हता. युद्धातही असंच होतं म्हणे. बर्फात, थंड डाळीच्या डब्यांवरही.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेले त्या सुमारास एका पक्षानं बाबांना आमदारकीला उभं केलं. पक्षाचे शहरातले पुढारी, त्यांना सगळे अण्णा म्हणत, आमच्याकडे यायला लागले. गोड बोलायचे. बाबांच्या डाव्या कानाची गोष्ट त्यांना कुणीतरी आधीच सांगितलेली होती, आणि ते न चुकता उजवीकडे बसत. बडा खाना त्यांच्या कानावर गेला तेव्हा ते खूशच झाले. "मेजर, हे असं मागच्या अंगणात काय करता? कसब्यात मंगल कार्यालय घेऊ. फोटोवाले येतील. मटण मात्र नको, पेठेतली मतं आहेत." बाबा म्हणाले, जवानांना आवडणार नाही. अण्णा म्हणाले, जिलबी ठेवू. आईनं चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवताना बशीत इतका सांडला की मला हसू आवरेना.

पलटणीच्या दिवशी कसब्यातल्या त्या मंगल कार्यालयात मी मसालेभात वाढत होते. सुभेदार ट्रकभर माणसं घेऊन आले होते. सगळे कोट घालून, छातीवर पदकं लावून, म्हातारपणाची पोटं आत ओढून आलेले. पण पक्षाचे कार्यकर्ते आधीच पोचलेले होते, आणि पहिल्या पंगती त्यांनी धरल्या. जवान शिस्तीचे, बाहेर उभे राहिले. बाबा पंचा बांधायला लागले तेवढ्यात अण्णांनी त्यांचा हात धरला. व्यासपीठावर टेबल मांडलेलं होतं, त्यावर चांदीची ताटं. "बसा मेजर, एक फोटो. मला पुढे सभा आहे." बाबांनी मागे वळून सुभेदारांकडे पाहिलं. मी ते पाहिलं, म्हणून सांगते. पाहिलं, आणि मग बसले. फोटोवाला म्हणाला, साहेब, घास घ्या, नुसतं बसून चांगलं दिसत नाही. बाबांनी पुरीचा घास घेतला. दुसराही घेतला. मग जिलबी.

जवानांची पंगत बसली तेव्हा मसालेभाताच्या पातेल्याचा तळ दिसायला लागला होता. मी डाव कमी कमी भरत गेले. शेवटच्या ओळीपर्यंत पोचले तेव्हा पातेल्यात करपलेली खरवड होती. आचाऱ्याकडे धावले, तो म्हणाला, ताई, सांगितलं होतं त्याच्या दुप्पट माणसं जेवली, आता पुऱ्यांचं पीठसुद्धा संपलं. शेवटच्या ओळीत पत्रावळींवर मीठ होतं, लिंबाची फोड होती आणि चटणी होती. दुसरं काही नाही. आणि ती म्हातारी माणसं ताठ बसून वाट बघत होती. मला वाटलं, जमीन फाटली तर बरं.

सुभेदार टोकालाच बसलेले होते. ते उठले. नेहमीसारखी पंगतीवरून नजर फिरवली आणि व्यासपीठापाशी चालत गेले. बाबांच्या हातात अजून जिलबीचा तुकडा होता. टाचा जुळल्या, पण आवाज मोठा नव्हता.

"साहेब, शेवटच्या पंगतीला न्हाई पोचलं."

बाबा उभे राहिले. इतके झटकन की खुर्ची मागे पडली. अण्णा हसून म्हणाले, "अहो सुभेदार, होतं असं गर्दीत. मी घरी पुडकी पाठवतो ना सगळ्यांना!" सुभेदारांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. वळले, जाऊन आपल्या माणसांना काहीतरी म्हणाले. ती माणसं उठली. उठण्याआधी प्रत्येकानं समोरची न उष्टावलेली पत्रावळ नीट दुमडली, जेवून झाल्यावर दुमडतात तशी, आणि जाताना डब्यात टाकली. कार्यालयात आरडाओरडा झाला नाही, कुणाला काही कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बाबांचा घास घेतानाचा फोटो आला. चांगला आला होता.

घरी आल्यावर बाबा खिडकीशी बसून राहिले. आई म्हणाली, "आता चेहरा पाडून काय होणार? भूक लागली होती, बसलात."

"भूक नव्हती गं."

"मग?"

"त्यानं हात धरला," बाबा म्हणाले. "मी सोडवला नाही."

आई यावर काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे गोष्ट फार वाईट होती, एवढं मला कळत होतं.

दोन दिवसांनी बाबांनी स्कूटर काढली. आईनं बेसनाच्या लाडवांचा डबा दिला, आणि तो धरायला मला मागे बसवलं. वाघोली तेव्हा गाव होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं आणि मध्येच एखादं चहाचं दुकान. सुभेदार कांद्याच्या वाफ्यात पाणी धरत होते. त्यांनी हात धुतले, आम्हाला बाजेवर बसवलं, गूळपाणी दिलं, लाडवांचा डबा कपाळाला लावून आत पाठवला. मग कांद्याच्या भावाबद्दल बोलत राहिले. बाबाच म्हणाले, "सुभेदार, माझी चूक झाली."

"व्हय, झाली," सुभेदार म्हणाले. "नेम चुकला असता तर चाललं असतं साहेब. रस्ता चुकला तरी आमी आलो तुमच्या मागं, बर्फात. ताट कवा चुकलं न्हवतं."

"पुन्हा नाही होणार."

"माझं मत हितं हाय, न्हाई तर तुमालाच दिलं असतं. शहरातली पोरं देत्याल. पंगतीला मातर आमी येणार न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, कांदे ने घरी, चांगलं हायती." येताना मी मांडीवर कांद्याची पिशवी घेऊन बसले होते.

ते निवडून आले. भरपूर मतांनी आले. गुलाल उधळला, भाऊंनी यंत्र बंद ठेवून पेढे वाटले, माझ्या केसांतला गुलाल कितीतरी दिवस निघाला नाही. त्या कारकिर्दीबद्दल लोक मला अजून विचारतात, आणि मला सांगण्यासारखं फारसं आठवत नाही. बाहेरची खोली गच्च भरलेली असे. बदल्या, परवाने, प्रवेश, उद्घाटनं. बाबा बोलत कमी आणि ऐकत जास्त, तेही हळूहळू डाव्या बाजूनं. सगळ्यांच्या सगळ्या कामांत कुणीतरी त्यांचा हात धरूनच असे. पलटणीचा दिवस आला आणि गेला. पहिल्या वर्षी आईनं अंगण झाडून ठेवलं, विटा धुऊन ठेवल्या. कुणी आलं नाही. पुढच्या वर्षापासून तिनं झाडलं नाही. भाऊंनी त्या दिवशी खिडकी उघडली आणि नुसतेच म्हणाले, "यंदा त्रास नाही वाटतं."

मुदत संपली तेव्हा बाबांनी तिकीट नाकारलं. अण्णांना वाटलं, मंत्रिपद मागताहेत. बाबांनी मागितलं ते माजी सैनिकांच्या कल्याणाचं एक कार्यालय, जिथं गळकं छप्पर आणि दोन कारकून होते आणि जिथं जायला कुणी तयार नव्हतं. अण्णांनी डोक्याला हात लावला आणि ते देऊन टाकलं. मी तेव्हा शाळेत शिकवायला लागले होते, आणि जाता जाता बाबांचा डबा पोचवत असे. कार्यालयाच्या व्हरांड्यात बाक होते, आणि बाकांवर विधवा, काठ्या टेकणारे म्हातारे, एका हाताचे, एका पायाचे. व्हरांडा रिकामा झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा नियम तिथंही गेला. पुष्कळदा डबा तसाच घरी यायचा, आणि आई तो ओट्यावर आपटायची. मी त्यांना सांगून थकले. थकलेली माणसं थकलेल्यांची कामं करत होती, आणि कामं संपतच नव्हती.

एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर बाकाच्या अगदी टोकाला सुभेदार. मिशी गेलेली होती, म्हणून आधी ओळखलं नाही. धाकट्या भावाच्या विधवेचं काम होतं. बाबांनी खिडकीतून त्यांना पाहिलं होतं, पण पुढे बोलावलं नाही. रांगेत त्यांचा नंबर आल्यावरच आत घेतलं. काम झालं. बाबा डब्याकडे बघत होते, आणि मग सुभेदारांकडे. मला कळलं की ते कशाची वाट बघताहेत. सुभेदार दारात गेले, व्हरांड्यावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "भाएर एक म्हातारी हाय अजून." बाबांनी डबा बाजूला सरकवला. म्हातारीचं काम संपेपर्यंत सुभेदारांची बस आली, आणि ते गेले. पुढे ते अधूनमधून येऊन त्या बाकावर बसायचे. काम नसलं तरी. हाक मात्र त्यांनी कधी दिली नाही.

आता मी स्वतःच वाघोलीत राहते, मुलाच्या घरी, नवव्या मजल्यावर. सुभेदारांचा कांद्याचा वाफा या इमारतींच्या खाली कुठंतरी आहे. नेमका कुठं, ते सांगता येत नाही. आमच्याकडे जो तो आपली ऑर्डर आली की जेवतो. "आज्जी, तू खाऊन घे ना, आमचं येईल," असं नातू म्हणतो, प्रेमानंच म्हणतो. मी खाऊन घेते. पण पहिला घास घेताना आजही चोरी केल्यासारखं वाटतं. खोटं कशाला सांगू?

बाबांच्या शेवटच्या आजारात त्यांनी खाणं सोडलं. आम्ही तेव्हाही त्याच बिऱ्हाडात होतो. खाली छापखान्याऐवजी मोबाइलचं दुकान आलेलं. पेज केली, वरणाचं पाणी केलं, पण ते ओठ मिटून घेत. शुद्ध होती, गिळता येत होतं, पण नकोच. डॉक्टर म्हणाले, नळी घालू. बाबांना नळी नको होती आणि आम्हालाही त्यांना बांधून ठेवायचं नव्हतं. उद्यापर्यंत वाट बघू, एवढंच ठरलं. आई वाटी घेऊन त्यांच्या उशाशी बसलेली होती. तिचीही सत्तरी उलटून गेली होती, पायांना सूज होती, आणि ती वाटी सोडून ती कुठे हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार आले. नातवानं रिक्षानं आणलं होतं. जिना चढायला त्यांना फार वेळ लागला. ते न सांगता बाबांच्या उजव्या बाजूला बसले. बाबांनी डोळे उघडले, त्यांना ओळखलं. ओठ हलले. मला ऐकू आलं नाही, पण सुभेदारांना आलं असावं, कारण त्यांनी खोलीवरून नजर फिरवली, मला विचारलं, "जेवलीस का पोरी?" मी हो म्हटलं. मग त्यांनी आईकडे पाहिलं.

"बाईसाहेब, तुमचं?"

मला वाटलं, आई म्हणेल, होईल हो माझं, तुम्ही चहा घ्या. जन्मभर ती हेच म्हणत आलेली. पण तिनं वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "मला नाही पोचलं, सुभेदार. मला कधीच नाही पोचलं. शेवटची पंगत कुठली म्हणता? ती तिकडे आत, ओट्यापाशी असायची."

आईचा आवाज चढलेला नव्हता. ती फक्त थकलेली होती. बाबा तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरत होतं. मग ते मला म्हणाले, स्पष्ट म्हणाले, "आधी हिला वाढ."

मी ताट केलं. भात, वरण, वर तूप, लिंबाची फोड, लोणचं. आईनं ते बाबांच्या समोर, पलंगाला टेकून, मांडीवर घेतलं आणि जेवली. घाई केली नाही. मध्ये एकदा "दही आहे का गं?" म्हणून विचारलं, आणि मी दही आणलं. आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. बोटं चाटून तिनं ताट बाजूला ठेवलं.

सुभेदार पलंगाच्या कडेला हात टेकून उठले. पाठ सरळ होईना, तरी त्यांनी टाचा जुळवल्या.

"सगळ्यांना पोचलं, साहेब!"

खालच्या दुकानातलं पोरगं जिन्यात येऊन वर बघायला लागलं. आईनं वाटी उचलली, चमचा भरला, आणि बाबांनी तोंड उघडलं.